मतदार सॉफ्टवेअर वापरून बघितलं: पोलचिटा झकास, अंदाज मात्र रामभरोसे

आधीच सांगतो, कंपनीचं नाव टाकणार नाही. ह्या धंद्यात सेम माल पाच नावांनी विकला जातो, लोगो बदलला, उघडताना येणारा नेत्याचा फोटो बदलला की झालं नवीन सॉफ्टवेअर, त्यामुळे नाव सांगूनही फार फायदा नाही. तुमच्या तालुक्यात जो कोणी इन केलेला पोरगा 'डिजिटल इलेक्शन मॅनेजमेंट' म्हणत डेमो द्यायला येईल त्याच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक हेच असणार. येणाऱ्या काळात कुणाच्या घरात कोणी गटाला (जिल्हा परिषद) गणाला (पंचायत समिती) उभं राहणार असेल तर घ्यायच्या आधी एकदा हे वाचा.

पार्श्वभूमी एवढीच की २ डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषदेला आमच्या प्रभागातून वहिनी उभ्या होत्या (मावसभावाची बायको, जागा महिला राखीव, बॅनरवर फोटो वहिनींचा आणि गल्लोगल्ली हात जोडत फिरणार मावसभाऊ, सगळीकडे असंच चालतं) आणि घरात लॅपटॉपवाला मी एकटाच, म्हणून हे सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. पक्ष कुठला ते सांगत नाही, सांगितलं की रिव्ह्यू राहील बाजूला आणि नुसती भांडणं होतील. गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं.

पॅकेज दोन. छोट्यात मतदार यादी, सर्च, पोलचिट, कार्यकर्त्यांचे लॉगिन. मोठ्यात हे सगळं प्लस 'एआय अंदाज', म्हणजे मागच्या निवडणुकांच्या आकड्यांवरून तुमच्या प्रभागात कोण पुढे, कुठल्या गल्लीत जोर लावायचा, कुठला मतदार फुटणारा वगैरे. मोठ्याचे पैसे छोट्याच्या जवळजवळ दुप्पट. भावाने अर्थातच मोठं घेतलं, कारण समोरच्याने मोठं घेतलंय असं त्या पोरानेच डेमो देताना सोडून दिलं होतं. (समोरच्याला काय सांगितलं असेल ते ओळखा.)

आता आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच चांगलं आहे.

यादी. नगरपरिषदेला वेगळी मतदार यादी नसते, विधानसभेचीच यादी घेतात, यावेळी १ जुलै २०२५ ची घेतली होती, आणि ती फोडून प्रभागाप्रमाणे लावतात. ती पीडीएफमध्ये मिळते आणि त्या पीडीएफमध्ये नाव शोधायचं म्हणजे डोळे फुटतात. ह्यांनी ती सगळी टाईप करून सर्चेबल केलेली, आणि सर्च पण हुशार, तुम्ही 'सैय्यद' टाका 'सय्यद' टाका, 'ज्ञानेश्वर' टाका नाहीतर 'माऊली' सोडून त्याचं जे काही लिहाल ते टाका, माणूस सापडतो. एका घर नंबरवरचं अख्खं कुटुंब एका खाली एक येतं. यादीत ज्यांच्या नावापुढे दोन चांदण्या होत्या, म्हणजे दुबार नावं, त्या चांदण्या पण तशाच दिसतात, हे मी मुद्दाम चेक केलं कारण एका दुसऱ्या कंपनीच्या डेमोत त्या गायबच होत्या.

पोलचिट तर एक नंबर. छोटा ब्लूटूथ प्रिंटर खिशात, नाव काढलं, बटण दाबलं, चिठ्ठी हातात, त्यावर अनुक्रमांक, केंद्र, खोली, आणि खाली वहिनींचं नाव चिन्ह. पूर्वी आठ पोरं रात्र रात्र बसून कार्बन घालून चिटा लिहायची, चहा बिस्किटाचा खर्च वेगळा आणि अक्षर कुणालाच लागायचं नाही. आता ते काम दोन पोरं फिरता फिरता करतात. व्हॉट्सॲपवर पण चिट जाते.

आणि एक फीचर ज्याची कंपनी स्वतः जाहिरात करत नाही पण माझ्या मते तेच सगळ्यात भारी, 'बाहेरगावी' म्हणून टॅग मारता येतो. पुण्याला, संभाजीनगरला, हैदराबादला कामाला गेलेले, नाव अजून इथंच. ती यादी शहरवार निघते, मग कोणाला कुठून गाडी करायची, कोणाला बसचं तिकीट, ते सगळं तिथेच दिसतं. छोट्या निवडणुकीत माणूस शे-दीडशे मतांच्या आतबाहेर पडतो निवडून येतो, तिथे ही यादी सोन्याच्या भावाची.

इथपर्यंत पाचपैकी पाच. आता मोठ्या पॅकेजवर येतो.

त्यात प्रत्येक मतदाराच्या नावापुढे एक रंग द्यायचा असतो. हिरवा म्हणजे समर्थक, लाल म्हणजे विरोधक, पिवळा म्हणजे काठावरचा. कार्यकर्ते घरोघर जाऊन रंग भरणार, आणि मग सॉफ्टवेअर त्यावरून आणि जुन्या निकालांवरून अंदाज बांधणार. ऐकायला बरोबर वाटतं. पण नगरपरिषदेला मतदार एक मत देत नाही हो. आमच्याकडे प्रभागात दोन जागा, अ आणि ब, आणि वर थेट नगराध्यक्ष, म्हणजे एका माणसाला तीन मतं. तिन्ही दिल्याशिवाय मशीन मोठा आवाज करत नाही. तीन मतं आणि रंगाचा रकाना एक.

गल्लीच्या तोंडाला शिलाईचं दुकान आहे, तिथले काका. आमचा पोरगा टॅब घेऊन गेला, मी मागे उभा. पोराने विचारलं, काका यावेळी आपल्याकडेच ना? काका मशीन थांबवून म्हणाले, "हे बघ बाळा, वर नगराध्यक्षाला कमळ. मोदीकडं बघून नाही, तो माणूस रात्री दोनला फोन उचलतो म्हणून. खाली बाईच्या जागेला तुमच्या वहिनी, कारण नातीच्या दाखल्याला तुमचा भाऊ माझ्यासोबत तहसीलला आला होता. दुसऱ्या जागेला आमचा सोयरा उभा हाय, अपक्ष. पडणार हाय ते मला बी माहितंय, पण उद्या लग्नाकार्यात तोंड दाखवायचंय ना." मी विचारलं, आणि लोकसभेला काका? "लोकसभेला पंजा. विधानसभेला धनुष्यबाण." आणि परत मशीन चालू.

पोरगा माझ्याकडे बघतोय, दादा कुठला रंग देऊ. मी म्हटलं दे पिवळा, दुसरं काय देणार.

आता सांगा, हा माणूस काठावरचा आहे? ह्याच्याइतका पक्का मतदार अख्ख्या प्रभागात नसेल. दीड-दोन वर्षातली पाच मतं त्याने पाच वेगवेगळ्या हिशोबाने दिली आणि प्रत्येकाचं कारण त्याच्याकडे तयार आहे. पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो गोंधळलेला. असं करत करत आमचा अर्धाअधिक प्रभाग पिवळा झाला, आणि मग स्क्रीनवर लाल पट्टीत सूचना आली की 'अनिर्णित मतदारांचे प्रमाण जास्त, आक्रमक संपर्काची गरज', आणि त्याच्याखाली लगेच व्हॉइस कॉलचं पॅक विकत घ्यायचं बटण. धंदा म्हणून मानलं पाहिजे.

हे मी ट्रेनिंगवाल्याला बोललो तर तो म्हणे सर हे मॉडेल मोठ्या मोठ्या निवडणुकांच्या डेटावर बनलंय, दिल्लीत पण चाललंय. म्हटलं बाबा दिल्लीचं तर नावच काढू नकोस. २०१४ ला लोकसभेच्या सातच्या सात जागा भाजपला दिल्या लोकांनी आणि २०१५ च्या फेब्रुवारीत विधानसभेला ७० पैकी ६७ आम आदमी पार्टीला. २०१९ ला परत सातच्या सात भाजप, २०२० ला परत आप ६२. २०२५ ला विधानसभा भाजपकडे गेली तेव्हा कुठे हा झोका थांबला. तेच लोक, त्याच गल्ल्या, त्याच याद्या. तिथे तुझा हिरवा कोण आणि लाल कोण? राजस्थानात तर २०१८ ला लोकांनी घोषणाच करून टाकली होती, 'मोदी तुझसे बैर नहीं, वसुंधरा तेरी खैर नहीं' (वसुंधरा राजे तेव्हा भाजपच्या मुख्यमंत्री), आणि तसंच केलं, डिसेंबरात राज्य काँग्रेसला आणि पुढच्या मे महिन्यात लोकसभेच्या सगळ्या २५ जागा भाजप आणि मित्राला. एवढं उघड सांगूनसुद्धा कोणाला कळत नसेल तर कठीण आहे.

आणि लांब कशाला जायचं, नांदेडचं बघा ना, आमच्या इथनं काय लांब नाही. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान, आणि त्याच दिवशी नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक, कारण वसंतराव चव्हाण जूनमध्ये खासदार झाले आणि ऑगस्टमध्ये वारले. एकच दिवस, एकच केंद्र, एकच मतदार, मशीन दोन. निकाल काय? खाली सहाच्या सहा विधानसभा महायुतीला, भोकर, नायगाव, देगलूर, मुखेड, नांदेडच्या दोन्ही, आणि वर लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, वसंतरावांचा मुलगा, १,४५७ मतांनी निवडून आले. म्हणजे एका मशीनवर महायुती दाबून तोच माणूस एक पाऊल सरकून दुसऱ्या मशीनवर पंजा दाबतोय, आणि असे भरपूर निघाले. वडील गेले म्हणून सहानुभूती, हे एक झालंच. पण खाली आमदार निवडताना रस्ता, पाण्याची लाईन, आपला माणूस, लाडक्या बहिणीचे दीड हजार, हा हिशोब होता आणि वरचा हिशोब वेगळा होता. अशोक चव्हाणांसारखा माणूस त्या फेब्रुवारीत भाजपात गेला, त्यांची मुलगी भोकरमधून भाजपकडून आमदार झाली, तरी खासदार काँग्रेसचाच. गठ्ठा मतदान गठ्ठा मतदान म्हणतात ना, तो गठ्ठा लोक स्वतःच सोडतात आणि वाटून देतात.

हे आजचं पण नाही. १९९९ ला महाराष्ट्रात लोकसभा विधानसभा एकत्रच झाली होती. लोकसभेला युतीला २८ जागा, शिवसेना १५ भाजप १३, आणि विधानसभेला काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, सेना ६९, भाजप ५६, म्हणजे दोन्ही काँग्रेस नंतर एकत्र बसल्या आणि सरकार त्यांचं. त्याच्याही आधी कर्नाटकात १९८४ ला इंदिराजी गेल्यावर लोकसभेला २८ पैकी २४ काँग्रेस, तिथले जनता पक्षाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडेंनी विधानसभा बरखास्त करून मार्च १९८५ ला परत निवडणूक घेतली तर जनता पक्षाला बहुमत. तेव्हा ना टॅब होते ना एआय, मतदार तेव्हाही हुशारच होता.

आता सॉफ्टवेअर आतून काय करतं ते सांगतो, कारण मी त्या पोराला सोडलं नाही, त्याच्या सीनियरला फोन लावायला लावला. ते निवडणूक आयोगाचा फॉर्म २० घेतात, म्हणजे केंद्रनिहाय कुणाला किती मतं पडली तो तक्ता, २०२४ लोकसभेचा आणि २०२४ विधानसभेचा, आणि दोघांची सरासरी काढतात. सरासरी! लोकसभेला राज्यात आघाडीला ३० जागा आणि महायुतीला १७, आणि सहा महिन्यात विधानसभेला भाजप १३२, शिंदे ५७, अजितदादा ४१, आणि समोरच्या तिघांचे मिळून ४६. एक इकडे झुकलेली, एक तिकडे झुकलेली, दोन्ही मिळवून दोनने भागलं की काय येणार? बरोबर, प्रत्येक प्रभागात 'अटीतटीची लढत'. आमच्या अख्ख्या गावात एक पण प्रभाग असा नव्हता जिथे अटीतटीची लढत नव्हती. अशा ठिकाणी सुद्धा जिथे समोर फॉर्मच भरायला कोणी मिळत नव्हतं.

बरं नगरपरिषदेचाच जुना डेटा घ्यायचा म्हटलं तर मागची निवडणूक २०१६-१७ ची. तेव्हा शिवसेना एक होती, राष्ट्रवादी एक होती. सेना फुटली जून २०२२ ला, राष्ट्रवादी जुलै २०२३ ला. मग त्या जुन्या 'शिवसेना' मतांचं काय केलं विचारलं तर अर्धी अर्धी वाटली म्हणे. जुन्या राष्ट्रवादीचं पण तेच. अहो आमच्याकडे नगरसेवक ज्या गटात गेला त्याच्या मागे गल्ली गेली, कुठे अख्खी गेली, कुठे एक घर नाही गेलं. भावकीतल्या वाटण्या बरोबर निम्म्या होत नाहीत, इथे कुठून होणार.

दुसरी भानगड केंद्रांची. विधानसभेचं एक केंद्र म्हणजे हजार-बाराशे मतदारांची यादी, पण प्रभाग रचना करताना ती यादी फोडतात, थोडे इकडच्या प्रभागात थोडे तिकडच्या. आमच्या शाळेवरच्या एका केंद्राची यादी तीन प्रभागात गेली होती. फॉर्म २० मध्ये अख्ख्या केंद्राचा एकच आकडा, त्यातले आमच्या गल्लीचे किती हे देवालाही माहीत नाही. सॉफ्टवेअर काय करतं, मतदारांच्या प्रमाणात ती मतं वाटून टाकतं, जणू नाल्याच्या अलीकडची वस्ती आणि पलीकडची वस्ती सारखंच मतदान करते. गावातलं शेंबडं पोरगं सांगेल की नाल्याच्या अलीकडे काय चालतं आणि पलीकडे काय चालतं.

आणि जात. ह्यावर किती लिहू. आडनावावरून जात ओळखून ऑटोमॅटिक रकाना भरलेला येतो, कंपनी त्याला 'सामाजिक वर्गीकरण' म्हणते. जाधव दिसला की मराठा. आमच्याकडे जाधव मराठा आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आहेत, पवारांचं तेच. पाटील, देशमुख, इनामदार मुसलमानात पण आहेत, त्यांचं पहिलं नाव समोर दिसत असताना ह्यांनी मराठ्यात टाकलेले. मला हा रकानाच नको होता, खरं सांगायचं तर कुणाच्या नावापुढे जात टाईप करून ठेवलेली यादी दहा पोरांच्या मोबाइलमध्ये फिरतेय ह्याचीच भीती वाटते, मोबाइल नंबर कुठून आणले तेही कोणी धड सांगत नाही. मी तो रकाना बंद करायला सांगितलं तर म्हणे तसं ऑप्शन नाही. वरून तो चुकीचा. म्हणजे पाप पण झालं आणि पुण्य पण गेलं.

मुळात ह्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या डोक्यात एक चित्र फिक्स आहे, की मतदार पक्षाचा असतो, आणि खालची निवडणूक म्हणजे वरच्या निवडणुकीची छोटी झेरॉक्स. युरोपात म्हणे अभ्यासकांनी युरोपियन संसदेच्या निवडणुकीला 'दुय्यम निवडणूक' म्हटलं होतं, म्हणजे लोकांना ती कमी महत्त्वाची वाटते, मतदानाला कमी जातात, आणि गेले तर देशातल्या सरकारला टपली मारायला जातात. आपल्याकडे उलटं आहे. लोकसभेला महाराष्ट्रात साधारण ६१ टक्के मतदान, विधानसभेला ६६, आणि ग्रामपंचायतीला तर खाटेवरून म्हातारे उचलून आणतात. जेवढी निवडणूक घराजवळची तेवढी लोकांना जास्त महत्त्वाची. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव ह्या राजकारणाच्या अभ्यासकांनी तर नव्वदच्या दशकाबद्दल लिहिलं होतं की लोक लोकसभेला मत देताना पण राज्याचंच राजकारण डोक्यात ठेवून देतात. नंतर मोदींच्या काळात लोकसभेचं परत वेगळं पडलं ते आपण बघतोच. पण खालून वर बघायचं का वरून खाली हा प्रश्न तरी पडला पाहिजे ना प्रॉडक्ट बनवताना.

शिवाय लढत तरी सेम कुठे असते. वर युती, खाली कुस्ती. लोकसभा विधानसभेला महायुती आणि आघाडी असे दोन ढीग होते, नगरपरिषदेला कित्येक ठिकाणी भाजप विरुद्ध शिंदे सेना हीच मेन लढत. कागलला २०२४ ला एकमेकांविरुद्ध आमदारकी लढलेले हसन मुश्रीफ आणि समरजित घाटगे वर्षभरात नगरपरिषदेला एकत्र. अंबरनाथला लोकांनी थेट नगराध्यक्ष भाजपचा केला आणि सगळ्यात जास्त नगरसेवक शिंदे सेनेचे दिले, मग सत्ता जमवायला भाजपने काँग्रेसचेच नगरसेवक सोबत घेतले. त्यात शहर विकास आघाडी, परिवर्तन पॅनल, जनशक्ती, असली दर गावात वेगळी दुकानं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पक्षाच्या ड्रॉपडाऊनमध्ये 'स्थानिक आघाडी' हा पर्यायच नव्हता, 'अपक्ष/इतर' मध्ये टाका म्हणे. आमच्याकडे खरी लढतच त्या इतरांशी होती! सांगलीला २०२४ च्या लोकसभेत काय झालं, जागा आघाडीत ठाकरे गटाला सुटली, विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. तिथे पण ह्यांच्या हिशोबाने खासदार 'इतर'.

मतदानाच्या दिवसाचं थोडक्यात सांगतो. ॲपमध्ये 'मतदान झाले' अशी खूण करायची सोय आहे, म्हणजे दुपारनंतर कोण राहिलं त्याची यादी काढून रिक्षा पाठवायची. कल्पना चांगली. पण कंपनीने धरलंय की खूण केंद्रातला पोलिंग एजंट करणार. केंद्रात मोबाइल न्यायला बंदी आहे, हे निवडणुकीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला माहीत नसावं? मग आम्ही जुन्याच पद्धतीने, एजंटने कागदावर नंबर लिहायचे, पोरगा पाणी द्यायच्या निमित्ताने चिठ्ठी बाहेर आणणार, बाहेर टेबलावर बसून मी टाईप करणार. ऐन दहा वाजता सर्व्हर झोपला, राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचं मतदान त्याच दिवशी, सगळ्यांनी एकदमच उघडलं असणार. हेल्पलाइनला 'आपण रांगेत आहात' ही टेप. तास-दीड तासाने आलं परत. तेवढ्या वेळात मावसभावाने वहीवरच काम चालवलं आणि रिक्षा पण पाठवल्या, त्याचं काही अडलं नाही.

आणि हा किस्सा तर ऐकाच. पॅकेजची मुदत मतमोजणीच्या दोन दिवस नंतरपर्यंत, मोजणी ३ डिसेंबरला होणार होती त्या हिशोबाने सेट केलेली. आता तुम्हाला माहितीच आहे, काही ठिकाणची मतदानं पुढे गेली आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सगळे निकाल एकदम २१ डिसेंबरला लावायला सांगितले. मधल्या काळात लॉगिन बंद. फोन केला तर 'एक्स्टेंशन चार्जेस लागतील सर'. निकाल कोर्टाने पुढे ढकलला, भुर्दंड आम्हाला. भावाने शिव्या घातल्या, मी शांतपणे ईमेल केला, उपयोग दोन्हीचा झाला नाही. शेवटी पैसे भरले, कारण मला अंदाज आणि निकाल शेजारी शेजारी ठेवून बघायचे होते.

बघितले. वहिनी निवडून आल्या. सॉफ्टवेअरने त्यांना मागे दाखवलेलं. आमच्या पॅनलचा नगराध्यक्षाचा उमेदवार, ज्याला सॉफ्टवेअरने आमच्या प्रभागातून हिरवंगार लीड दाखवलेलं, तो आमच्याच प्रभागातून मायनसमध्ये गेला. ब जागेवर आमचा उमेदवार तिसरा, शिंपी काकांचा तो सोयरा दुसरा, पडला पण डिपॉझिट वाचवून पडला. म्हणजे एकाच प्रभागात, एकाच रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांनी तीन बटणांना तीन वेगळे निकाल दिले. मी केंद्रनिहाय आकडे एक्सेलमध्ये टाकले तर वहिनींची मतं जवळपास प्रत्येक केंद्रावर नगराध्यक्षाच्या मतांपेक्षा जास्त, फक्त एका केंद्रावर उलटं, आणि ते केंद्र म्हणजे नगराध्यक्षाच्या उमेदवाराची स्वतःची गल्ली. हे एक्सेल बनवायला मला एक संध्याकाळ लागली, आणि पुढच्या वेळी त्याचा जेवढा उपयोग होईल तेवढा त्या दुप्पट किमतीच्या पॅकेजचा होणार नाही, कारण ह्यात निदान तीन मतांचे तीन रकाने आहेत.

तर रेटिंग. छोटं पॅकेज, चार स्टार, एक सर्व्हरसाठी कापला. मोठं पॅकेज, एक स्टार, तो पण त्यात छोटं पॅकेज येतं म्हणून.

जिल्हा परिषदेला घेणार असाल तर डेमोतच विचारा की एका मतदाराला दोन रंग देता येतात का, एक गटाचा एक गणाचा, तिथे पण मतं दोन असतात. 'नेक्स्ट अपडेटमध्ये येतंय' म्हणाला तर छोटं पॅकेज घ्या. स्थानिक आघाडीचं नाव ड्रॉपडाऊनमध्ये टाकता येतं का ते बघा, जातीचा रकाना बंद होतो का ते बघा, ऑफलाइन चालतं का हे स्वतः डेटा बंद करून बघा, आणि मुदत 'प्रत्यक्ष निकाल लागेपर्यंत' असं बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. प्रिंटर मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, बाहेर बराच स्वस्त मिळतो, आणि रोल जास्तीचे आणून ठेवा, शेवटच्या दोन दिवसात गावात कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, सगळे उमेदवार तेच शोधत असतात.